उतारावरचा आवाज

काल गावाहून सुमनकाकींचं पार्सल आलं. शिमगा आटपला की पंधरा-वीस दिवसांत ते येतंच. ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडून मी ते पुलाखाली उभी राहून ताब्यात घेतलं, घरी आणलं आणि ओट्यावर सुतळी सोडली. वर सुरंगीच्या फुलांचा एक वळेसर, म्हणजे गजरा, प्रवासात सुकून तपकिरी झालेला. त्याखाली कुळथाचं पीठ, आणि सगळ्यात खाली केळीच्या पानात बांधलेले ओले काजूगर. काकींना शंभरदा सांगून झालं की सोलत बसू नका, मी इथे सोलीन. पण त्या ऐकतील तर शपथ. दर चैत्रात चिकाने त्यांच्या बोटांची सालं निघतात आणि आमच्या घरी सोललेले गर येतात.

मी पान उलगडलं मात्र, गॅलरीतून बाबांचा आवाज आला, "काजूगर इले?"

बाबांना हल्ली डाव्या कानाने कमी ऐकू येतं, पण नाक शाबूत आहे.

पुण्यात मला चैत्र कॅलेंडरवरून कळत नाही, या पार्सलवरून कळतो. आणि कळला की पुढचे काही दिवस मी गाडी चालवताना रेडिओ बंद ठेवते. उतार लागला की काच खाली करते आणि उगाच कान लावते. माझी गाडी नवी आहे. तिच्यात काही वाजत नाही, आणि वाजत नाही म्हणून मला दर वेळी थोडं वाईट वाटतं. असं सिग्नलला शेजारी उभ्या असलेल्या माणसाला सांगितलं तर तो मला वेड्यात काढेल.

ही खोड लागली तो काजूचा हंगाम तीन वर्षांपूर्वीचा. त्या माघात आई गेली. सकाळी तुळशीला पाणी घालून आत आली, भिंतीला टेकून बसली आणि गेली. दिवसकार्य करून मी पुण्याला परतले, साठवलेली सगळी रजा काढली आणि शिमग्यानंतर पुन्हा गावी, आरोंद्याला आले, ती बाबांना घेऊन जायला. मला वाटलं होतं ते हजार सबबी सांगतील. खाडी सोडवत नाही, माड कोण बघणार, पुण्याचं पाणी मानवत नाही. मी सगळ्याची उत्तरं पाठ करून गेले होते. पण त्यांनी पेजेचा वाडगा खाली ठेवला आणि म्हणाले, "येतंय. गाडी तेवढी दिवन टाकतंय, मगे येतंय."

म्हापशाच्या एका डॉक्टरांनी ती गाडी केव्हाची मागून ठेवली होती. पावसाआधी न्यायची असं ठरलं. मी सुटकेचा श्वास टाकला, तेवढ्यात बाबांनी शेपूट जोडलं. "पण आवाज काढल्याबिगर देवचंय नाय. आजारी जनावर कोण इकता?"

झालं! गाडीत कुठेतरी काहीतरी वाजायचं. म्हणजे तो आवाज सापडेल तेव्हा गाडी जाणार, गाडी जाईल तेव्हा बाबा निघणार, आणि माझी रजा काही रबराची नव्हती.

गाडी म्हणजे दोन माणसांची, बुटकी, लाल, छप्पर मागे दुमडणारी परदेशी स्पोर्ट्स कार. तिच्या कंपनीचं नाव सांगत नाही, कारण कंपनीने ओळखावं इतकं तिच्यात तिचं काही उरलेलंच नाही. गोव्यातलं एक कुटुंब देश सोडून गेलं तेव्हा ती त्यांच्या फणसाखाली राहिली. बाबांनी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा आत एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. बाबांचं बांद्याला हायवेवर गॅरेज होतं. सहा दिवस ते ट्रकांखाली झोपायचे आणि रविवारी हिच्याखाली. मी पाचवीत असताना ती टेम्पोत बसून आमच्या अंगणात, म्हणजे खळ्यात आली, आणि मी बारावीला गेले त्या वर्षी पहिल्यांदा स्वतःच्या पायांनी खळ्याबाहेर पडली. तिचा पंखा जीपचा होता, दिवे एका टेम्पोचे होते आणि तळाच्या फळ्या खाडीवरच्या होड्यांच्या सुताराने बसवल्या होत्या. आमच्या वाडीत म्हणत, मेस्त्रींची गाडी पाण्यात पडली तर तरंगेल.

बाबांचा कान बांद्यात प्रसिद्ध होता. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानावर ठेवून ते डोळे मिटत आणि आत काय बिघडलंय ते सांगत. गॅरेजच्या पडवीत चहा पिता पिता हायवेवरून गेलेल्या ट्रकबद्दल म्हणत, "ह्यो काय कुडाळ गाठणा नाय." आणि तो ट्रक झारापच्या अलीकडे उभा असल्याची बातमी संध्याकाळी यायची.

आई त्या गाडीला सवत म्हणायची. "रविवार तिचो, माका सोमवार ते शनवार," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. पण सवतीच्या गाद्या शिवल्या तिनेच. तिच्याकडे पायमशीन होतं, वाडीतल्या निम्म्या बायकांची झंपरं तिच्या हातची. सुताराने सीटांचे सांगाडे केले, आत काथ्या भरला, आणि आईने काळं रेक्झिन शिवून त्यावर चढवलं. मशीनची सुई दोनदा मोडली, मग उरलेलं तिने हाताने ओढलं. एवढं करून ती गाडीत कधी बसली नाही. एकदासुद्धा नाही. बाबांनी आग्रह केला की म्हणायची, "दोनच जागे आसत. एक तुमचो, एक तिचो. माका खंय?"

खरं म्हणजे दुसऱ्या जागेवर मी बसत आले होते. बारावीच्या सुट्टीत, कॉलेजातून आले की, लग्नानंतर माहेरी आले की. केस बांधायचे, ओढणी कमरेला खोचायची आणि सीटवर रेलायचं. त्या सीटला उन्हात रेक्झिनचा आणि पावसात काथ्याचा वास यायचा. तो वास मला आजही कुठे आला की मी क्षणभर थांबते.

आई जाण्याआधीच्या पावसाळ्यात बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. गोव्याच्या हॉस्पिटलात मी त्यांच्यापाशी होते. आई दोन दिवस राहिली आणि ऑपरेशनच्या आदल्या सकाळी घरी जायला निघाली, म्हशीला कोण बघणार म्हणून. मला तिचा भयंकर राग आला होता. नवरा आत पडलाय आणि हिला म्हैस आठवते! मी तसं तिला बोललेही. ती पिशवी उचलून बसस्टँडकडे गेली. घरी जाऊन तिने काय केलं, ते कळायला पुढचा चैत्र उजाडावा लागला.

बाबा बरे झाले. गणपतीत हिंडूफिरू लागले, नवरात्रात त्यांनी मांगराच्या छपराखालून गाडी बाहेर काढली आणि मला फोन केला. तब्येतीचं सांगायला नव्हे. "बाये, गाडयेत पाणी वाजता."

आमच्याकडे उतार लागला की इंजिन बंद करून गाडी सोडून द्यायची जुनी खोड आहे. पेट्रोल वाचतं म्हणतात. ब्रेकचं काय होतं ते कोणी म्हणत नाही. आरोंद्यात शिरताना एक वडाचा उतार लागतो, तिथे बाबा हमखास चावी फिरवायचे. इंजिन थांबलं की नुसती चाकांची सळसळ, खाडीवरचा वारा, आणि त्यात, वळणावर, डुबुक. बाबांना वाटलं पावसाचं पाणी पत्र्यात साठलंय. त्यांनी दारांना खालून भोकं पाडली, पेट्रोलची टाकी उतरवली. पाणी काही निघालं नाही.

त्या दिवाळीत फोनवर ते हसत हसत म्हणाले, सवती-सवतींचं जमलं वाटतं. तुझी आवस म्हणते, मला गाडीतून धामापूरला न्या. धामापूर आईचं माहेर. मीही हसले. बाबा म्हणाले, "आवाज काढतंय आणि व्हरतंय. इतक्या वर्सांनी बसतली, तिका वाजणाऱ्या गाडयेत कशी बसवू?" त्यांच्या लेखी तो तिचा मान होता.

धामापूरच्या तळ्याची गोष्ट आईने मला किती वेळा सांगितली असेल! पूर्वी कोणाच्या घरी लग्न निघालं आणि अंगावर घालायला दागिना नसला, की परडीत फुलं ठेवून ती तळ्यात सोडायची. काठावरची भगवती त्या परडीतून सोन्याचे दागिने द्यायची. कार्य झालं की ते परत करायचे. मग कोणा एकाने ते परत केले नाहीत आणि तेव्हापासून देवीने हात आखडला. गोष्ट संपली की आई न चुकता म्हणायची, "घेतला काय परत दिवक व्हया गो. देवाचा असो, शेजाऱ्याचा असो." शेजारणीची वाटीसुद्धा ती कधी रिकामी परत करत नसे.

मार्गशीर्षात तो पाण्याचा आवाज आपोआप बंद झाला. माघात आई गेली. आणि मी आले तोवर गाडीत दुसराच आवाज सुरू झाला होता. आता डुबुक नव्हतं. आता ठक. कोरडं, लहान, एकदाच. वळणावर एकदा, खड्ड्यात दोनदा.

मग आमचं एक चमत्कारिक वेळापत्रक बसलं. सकाळी मी सुमनकाकींबरोबर आमच्या काजीत, काजूच्या बागेत जायचे. काकी म्हणजे आमच्या शेजारीण, आईच्या वयाच्या. माझ्या जन्माच्याही आधीपासून दोघी एका विहिरीवर. झाडांखाली बोंडूंचा, पिकल्या काजूफळांचा सडा, त्याला तो गोड-आंबूस वास, ऊन चढेल तसा डोक्यात जाणारा. बोंडू पिळवटून बी काढायची आणि टोपलीत टाकायची. काकी आईबद्दल बोलायच्या आणि मध्येच गप्प व्हायच्या. दुपारी जेवून बाबा ओसरीवर लवंडत आणि चारला हाक मारत, "चल गो, आवाज आयकाक."

रोज गाडीतली एक वस्तू काढायची आणि वडाच्या उतारावरून गाडी सोडायची, हा बाबांचा नियम. एका दिवशी दोन वस्तू काढायच्या नाहीत, नाहीतर चोर कोण ते कळत नाही. पहिल्या दिवशी जॅक आणि पाने काढले. ठक. मग स्टेपनी काढली. ठक. नंबरप्लेटला चिंधी बांधली, दारांत कापूस कोंबला, दुमडलेलं छप्पर उतरवून ओसरीवर ठेवलं. ठक, ठक, ठक. बांद्याचे दोन मेस्त्री येऊन पत्रा वाजवून गेले, कुडाळचा एक येऊन चहा पिऊन गेला. माझं काम सीटवर डोळे मिटून बसायचं. "डोळे मीट आणि बोट दाखय," बाबा म्हणायचे. माझं बोट दर वेळी पाठीमागे जायचं, माझ्याच पाठीमागे.

म्हणून एके दिवशी त्यांनी माझी सीट काढली. मी फळ्यांवर उकिडवी बसले, गाडी उतारावरून सुटली, आणि शांतता. तळापर्यंत शांतता. बाबांनी स्टिअरिंगवर थाप मारली, "गावलो!" त्यांचं म्हणणं, चोर सीटखालच्या पट्टीत आहे. त्यांनी ट्यूबचं रबर कापून पट्टीखाली घातलं, नट बदलले, सीट बसवली. आम्ही विजयी वीरांसारखे निघालो. ठक. पुन्हा सीट काढली, आवाज गेला. बसवली, आला. असं त्यांनी चार वेळा केलं, चारही वेळा खालची फळी तपासली, आणि सीटकडे एकदाही बघितलं नाही.

न राहवून मी म्हटलं, "बाबा, सीट उसवन बघूया?"

"शिवणीक हात लावू नको!" ते ओरडले. आयुष्यात माझ्यावर ते असे दोन-तीनदाच ओरडले असतील. मग खाली बघत पुटपुटले, "आत काथ्यो आसा. काथ्यो खंय वाजता?"

मला कळलं. आईच्या साड्या त्यांनी दिल्या होत्या, मशीन देऊन टाकलं होतं, पण तिच्या हातचा टाका कापायची त्यांची तयारी नव्हती. मी परत तो विषय काढला नाही.

आणि एक कबूल करायला हवं. पहिले आठ दिवस मी आवाजावर चिडलेली होते. नंतर नंतर मला भीती वाटू लागली की तो सापडेल. कारण उतारावर इंजिन बंद करून कान टवकारणारे बाबा हे माझे जुने बाबा होते. आई गेल्यापासून घरात वावरणारा, ताटातला मासा तसाच ठेवून उठणारा माणूस मला ओळखीचा वाटत नव्हता. त्याला मी पुण्याला नेणार होते. गाडीतल्या बाबांना मात्र इथेच सोडावं लागणार होतं, हे मला दिसत होतं. संध्याकाळचं ऊन खाडीवर तिरपं व्हायचं, कोणाच्या तरी खळ्यात काजू भाजल्याचा धूर यायचा, बाबा चावी फिरवायचे आणि एक बोट ओठांवर ठेवायचे. तेवढा उतार संपू नये असं मला वाटायचं. आताही वाटतं. कुठलंही सुख परत मागायला सांगितलं तर मी ते अर्ध्या किलोमीटरचं उतरण मागेन.

बाजाराच्या दिवशी सुमनकाकींना बांद्याला जायचं होतं आणि त्यांची एस.टी. चुकली. बाबा म्हणाले, बस, सोडतो. काकी पदर खोचून, मांडीवर नारळांची पिशवी घेऊन गाडीत बसल्या, वाडीतल्या सगळ्यांकडे बघून हात हलवला आणि गेल्या. मी काजू वाळत घालत होते. पाऊण तास तरी येणार नाहीत असा माझा हिशेब; तर दहा मिनिटांत गाडी परत खळ्यात. बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. काकी उतरल्याच नव्हत्या. बसल्या जागी पाठीमागे हात नेऊन सीटवर टिचक्या मारत होत्या.

"हेका मेस्त्री म्हणतत!" त्या मला म्हणाल्या. "म्हयनोभर गाडयेची हाडां मोजल्यान, आणि गोटो कळाक नाय."

"कसलो गोटो?" मी विचारलं.

"नारळ गो! नारळ सुकलो, खोबरा सुटला. ह्यो बघ आवाज." त्यांनी सीटच्या पाठीला मुठीने धक्का दिला. ठक. "बाजारात बसान जलम गेलो माझो. कानाकडे हलवल्याबिगर नारळ घेतंय मी? काखेत कळसो आणि गावाक वळसो तुमचो."

नारळ ताजा असला की आत पाणी डुबुक करतं. मग पाणी आटतं, आणि तो गप्प होतो. मग खोबरं करवंटीपासून सुटतं आणि गोटा आत खडखडू लागतो. हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. देवघरात वर्षभर ठेवलेला नारळ हलवून मी स्वतः लहानपणी हाच आवाज ऐकलेला. पण आम्ही दोघं गाडीत गाडीचाच आवाज शोधत होतो. बाबांनी दोन वेगळे रोग समजून इलाज केले, आणि दोन्ही एकाच नारळाचे होते.

बाबांनी सीट काढून ओसरीवर ठेवली. मागच्या बाजूला, पाठीच्या खालच्या कोपऱ्यात, वीतभर शिवण लाल दोऱ्याची होती, हाताने घातलेली. बाकी सगळी काळी. मी ती आधी पाहिली होती, पण वाटलं, कधीतरी उसवलं असेल, आईने टाका मारला असेल. बाबांनी खिशातून ब्लेड काढलं, शिवणीजवळ नेलं आणि तसेच बसून राहिले. मग ब्लेड माझ्या हातात दिलं आणि तोंड खाडीकडे केलं.

मी एकेक टाका उसवला. बारीक, दाट टाके होते, घाईत घातलेले वाटत नव्हते. आत काथ्या बाजूला सारून केलेल्या पोकळीत लाल फडक्यात गुंडाळलेला नारळ होता. शेंडी ठेवलेला, वर हळदकुंकू, चार तांदूळ चिकटलेले.

काकींनी वाकून तो बघितला. "हंय ठेवल्यान होय ह्यो," म्हणाल्या. "माका वाटला देवाकडे आसा."

मग त्यांनी सांगितलं. नवस फिटेपर्यंत बोलायचा नसतो म्हणून त्या इतके महिने बोलल्या नव्हत्या. पावसात, ऑपरेशनच्या दिवशी, आईने काकींना बोलावून घेतलं होतं. आंघोळ करून ओलेत्याने तिने नारळ देवघरासमोर धरला होता. काकींनी तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले. "गे आई भगवती, माझो घोव बरो होवन घराक येवंदे. आजपर्यंत त्येच्या गाडयेत बसाक नाय, रागान न्हय, हट्टान. तो बरो झालो काय मी त्याच गाडयेत, त्येच्या बाजूक बसान तुझ्याकडे येतलंय आणि ह्यो नारळ तुका देतलंय."

म्हैस नव्हती, नवस होता. आणि ज्या गाडीतून नारळ न्यायचा, त्या गाडीतच तिने तो शिवून ठेवला होता. मी हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर तिला जे बोलले होते ते मला शब्द न् शब्द आठवलं, आणि तिच्या पाठीमागे धावत जाऊन माफी मागावी असं वाटलं. पण ती वाट आता बंद होती.

बाबांचं तोंड अजून खाडीकडेच होतं. मग म्हणाले, "दोनदा इचारल्यान माका."

मी उसवलेला लाल दोरा गोळा करू लागले.

"दिवाळीत इचारल्यान. मी म्हटलंय, आवाज काढतंय आणि व्हरतंय. पौषात परत म्हणाली, आता वाजणा नाय तर चला. मी म्हटलंय, रव गो, एक म्हयनो बघूया, परत येता काय." त्यांनी नारळ उचलला, कानाशी नेला आणि हलवला. ठक. "ह्येच्यासाठी रवयलंय तिका. ह्योच काढूक."

एवढं म्हणून हा माणूस लहान मुलासारखा रडला. आई गेली तेव्हा ते रडले नव्हते. काकींनी मला डोळ्यांनी खुणावलं, रडूंदे.

दुसऱ्या सकाळी आम्ही धामापूरला गेलो. बाबांनी सीट परत बसवली, उसवलेली तशीच. मी डावीकडचं दार उघडायला गेले, तर त्यांनी मान हलवली. तिथे त्यांनी टॉवेलाची चुंबळ करून वर लाल फडक्यातला नारळ ठेवला. मी आणि काकी पुण्याहून आणलेल्या माझ्या गाडीतून मागे. काकींनी ओंजळीतून एक सुरंगीचा वळेसर आणला होता, तो त्यांनी निघताना त्या सीटच्या पाठीवर घातला. आरोंद्यापासून कुडाळपर्यंत आणि कुडाळहून नेरूरपारचा पूल ओलांडून धामापूरपर्यंत ती लाल गाडी माझ्या पुढे होती. बाबा अंगात पांढरा शर्ट घालून ताठ बसले होते आणि मधूनमधून डावीकडे बघत होते. काय बोलत होते की नाही, मला मागून कळलं नाही. पण वळणांवर गाडी इतकी हळू घेत होते, की मागच्या टेम्पोंनी हॉर्नचा कहर केला.

गुरवांनी नारळ हातात घेतला, सवयीने कानाशी हलवला आणि म्हणाले, "ह्यो गोटो झालो मेस्त्रीनु. उशीर केल्यात."

"व्हय," बाबा म्हणाले. "माझ्यामुळे उशीर झालो."

देवीपुढचं गाऱ्हाणं गुरव घालतात. त्या दिवशी बाबा म्हणाले, मी घालतो. ते देवीसमोर उभे राहिले आणि मोठ्याने बोलले, "गे आई, तिना बोललेला ता तिका करूक मेळाक नाय. चूक तिची न्हय, माझी. तुझा घेतलेला आमी तुका परत हाडलाव. गाडयेतसूनच हाडलाव, माझ्या बाजूक बसवन हाडलाव. ता तिच्या नावान पावता करून घे."

"होय म्हाराजा," गुरव, काकी आणि मी म्हणालो. बाहेर तळ्याचं पाणी काठाशी हलत होतं आणि मला आईचं वाक्य ऐकू येत होतं.

परतताना बाबांनी मला आपल्या गाडीत बोलावलं नाही, आणि मीही गेले नाही. काकी म्हणाल्या, असू दे. वडाच्या उतारावर त्यांची गाडी मध्येच कडेला थांबली, म्हणून मीही थांबले आणि पुढे जाऊन त्यांच्या दाराशी उभी राहिले. इंजिन बंद होतं. ते ऐकत होते.

"आवाज नाय," म्हणाले. "एकदम साफ." आणि मग जरा हसले, डोळे पुसत. "ती आसती तर ह्या सगळ्या रस्त्यार बडबडली आसती. हळू हाका, वारो लागता, केस उडतत. तो आवाज मी कधीच काढलंय नसतंय."

गाडी डॉक्टरांनी वैशाखात नेली. आवाज आता नव्हता, आणि दिलेला शब्द तो शब्द होता. फक्त डाव्या बाजूची सीट बाबांनी बदलून दिली, कुठल्याशा जीपची बसवली. डॉक्टरांनी विचारलं तर म्हणाले, जुनी उसवलेली होती.

ती उसवलेली सीट आमच्या पुण्याच्या गॅलरीत आहे. पाचव्या मजल्यावर, कोरफडीच्या कुंडीशेजारी. येणारे-जाणारे कौतुक करतात, फोटो काढतात, बसायला जातात, आणि बाबा काहीतरी काम सांगून त्यांना उठवतात. ते स्वतः तिच्या उजव्या अंगाला प्लास्टिकची खुर्ची टाकून बसतात. संध्याकाळी खालच्या रस्त्यावरची वाहनं ऐकतात, आणि मधूनच कोणाच्या तरी गिअरबॉक्सबद्दल वाईट बातमी देतात.

काल उसळ झाल्यावर मी वाटी घेऊन गॅलरीत गेले. पार्सलमधला सुकलेला वळेसर त्यांनी ओट्यावरून उचलून नेला होता आणि सीटच्या पाठीवर घातला होता. त्यांची पाठ दुखत होती, खुर्चीत सारखे हलत होते. मी म्हटलं, "बाबा, त्या खुर्चीत कित्या बसतात? हयसर बसा, गादी आसा."

त्यांनी वाटी घेतली. एक काजूगर तोंडात टाकला, डोळे मिटून चावला.

"नको," म्हणाले. "तो जागो तुझ्या आवशीचो."